होमारे सावा : ११७व्या मिनिटाच्या अलीकडे

मधलीफळी (धागाकर्ती)

गेल्या आठवड्यात भाचीने मला एक क्लिप पाठवली. जेमतेम दहा सेकंदांची. कॉर्नर येतो, निळ्या जर्सीतली दहा नंबरची खेळाडू गर्दीतून जवळच्या खांबाकडे सुसाट सुटते, गोलकडे जवळजवळ पाठ असताना उडी घेते आणि उजव्या पायाच्या बाहेरच्या कडेने चेंडूला नुसता चाटून जाणारा स्पर्श करते. चेंडू जाळ्यात. खाली भाचीचा मेसेज : "मावशी, ही कोण गं? काय भारी आहे!"

भाची चौदा वर्षांची. तो गोल झाला तेव्हा तिचा जन्मही झाला असेल-नसेल.

तिला सांगितलं ते इथेही सांगते. ही होमारे सावा. १७ जुलै २०११, फ्रँकफर्ट, महिला विश्वचषकाचा अंतिम सामना, जपान विरुद्ध अमेरिका. अमेरिका दोनदा पुढे गेली आणि जपानने दोनदा बरोबरी साधली. ८१व्या मिनिटाला आया मियामाने पहिली बरोबरी केली. जादा वेळेत अ‍ॅबी वॉम्बाकच्या हेडरने अमेरिका पुन्हा पुढे गेली आणि आता संपलं असं वाटत असताना ११७व्या मिनिटाला मियामाच्या कॉर्नरवर सावाचा हा गोल आला. मग पेनल्टी शूटआउट, ३-१, आणि जपान विश्वविजेता. पुरुष असोत की महिला, आशियातल्या कुठल्याही सिनिअर संघाने जिंकलेला तो पहिला फुटबॉल विश्वचषक.

आपल्याकडे तेव्हा १८ तारखेची मध्यरात्र उलटून गेली होती. मुंबईतल्या बॉम्बस्फोटांना चार-पाच दिवस झाले होते आणि घरात दुसरा विषय नव्हता. मी सामना पाहिलाच नाही. सकाळी लोकलमध्ये ट्विटर उघडलं तर जिकडेतिकडे जपान. सामना संपताना सेकंदाला ७,१९६ ट्विट पडत होते आणि तो ट्विटरचा तोवरचा उच्चांक होता. आधीचा ६,९३९ चा विक्रमही जपानी लोकांचाच, नववर्षाच्या शुभेच्छांचा. त्याच दिवशी कोपा अमेरिकात पॅराग्वेने ब्राझीलला बाहेर काढलं, त्यावरही धो धो ट्विट पडले, पण बायकांचा सामना त्याच्याही वर राहिला. महिला फुटबॉल कोण बघतं, असं तेव्हा माझ्या ऑफिसात सर्रास बोललं जायचं. त्या आकड्याने मला फार बळ दिलं होतं.

सावा डिसेंबर २०१५ मध्ये निवृत्त झाली. इतकी वर्षं झाली तरी दर विश्वचषकाला ती क्लिप नव्याने वर येते. २०२३ मध्ये जपानच्याच हिनाता मियाझावाने ५ गोल करून गोल्डन बूट, म्हणजे सर्वाधिक गोलांचा पुरस्कार, जिंकला तेव्हाही आली, कारण २०११ मध्ये सावाचेही ५ गोल होते आणि तिलाही गोल्डन बूट मिळाला होता. शिवाय स्पर्धेतल्या सर्वोत्तम खेळाडूचा गोल्डन बॉलही.

पण भाचीला उत्तर देता देता मला काहीतरी टोचायला लागलं. त्या दहा सेकंदांपलीकडे सावाबद्दल मला तरी काय ठाऊक होतं? म्हणून शनिवारी रात्री तो सामना पहिल्या शिट्टीपासून शेवटपर्यंत पाहिला. मला सांगायचंय ते त्यानंतरचं आहे. क्लिपमधली सावा गोल मारणारी आहे आणि सामन्यातली सावा गोल वाचवणारी. जवळजवळ दोन तास ती स्वतःच्या बचावफळीच्या पुढ्यात उभी राहून अमेरिकेचे हल्ले तोडत होती. चेंडू काढून घ्यायचा, शेजारच्या सहकारीला साधा पास द्यायचा आणि पुन्हा आपल्या जागेवर. त्यात टाळ्या वाजवण्यासारखं काही नाही, त्यामुळे त्याची क्लिपही नाही. तीन वेळा मी मागे जाऊन पाहिलं : अमेरिकेची खेळाडू मोकळी सुटतेय असं वाटतं आणि ऐन वेळी सावा तिथे आलेलीच असते. ती धावत येताना दिसत नाही. आधीच निघालेली असते.

तर प्रश्न असा. इंटरनेटवर तिचं नाव टिकलंय ते एका गोलावर. हे तिच्यावर अन्याय करणारं आहे की याच वाटेने नवी मुलं तिच्यापर्यंत पोहोचतायत? तुमच्याकडे तिच्याबद्दल आणखी काही असेल तर तेही लिहा.

---

शेवटचा_बाक

ताई, मला यात अन्याय दिसत नाही. क्लिप नसती तर तुमच्या भाचीला सावा कळली असती का? माझ्या वडिलांना गुंडाप्पा विश्वनाथचा स्क्वेअर कट आठवतो, पूर्ण डाव नाही आठवत. लोकांच्या मनात खेळाडू असाच राहतो, एका फटक्यात, एका धावेत. पूर्वी लोक तोंडाने सांगायचे, आता मोबाइलवर दाखवतात.

आणि तो गोल काही मटक्यासारखा लागलेला नाही. १२० पैकी ११७ मिनिटं पळून झाल्यावर, वयाच्या ३२व्या वर्षी, तेवढी झेप घ्यायची आणि बाहेरच्या कडेने चेंडू फिरवायचा, याच्यात तिची सगळी वर्षं आली. त्या दहा सेकंदांतच ती आख्खी आहे, असं मला वाटतं.

---

निशिकासाई

गेली बारा वर्षं तोक्योत आहे, त्यामुळे थोडं इथलं सांगते.

सावा मूळची तोक्योच्या फुचूची. जन्म १९७८ चा. बाराव्या वर्षी ती योमिउरी बेलेझा क्लबकडून सिनिअर लीगमध्ये खेळायला लागली. पंधराव्या वर्षी, १९९३ मध्ये, राष्ट्रीय संघात आली आणि पहिल्याच सामन्यात फिलिपिन्सविरुद्ध ४ गोल केले. जपानसाठी एकूण २०५ सामने आणि ८३ गोल. जपानच्या पुरुष संघातही इतके गोल कुणाचे नाहीत. १९९५ ते २०१५ असे सहा विश्वचषक ती खेळली. चार ऑलिम्पिक वेगळी.

हे आकडे कुठेही मिळतात. पण मधे काय झालं ते बाहेर फारसं माहीत नसतं. नव्वदच्या दशकात इथल्या महिला लीगला मोठ्या कंपन्यांचा पैसा होता. जमिनी आणि शेअरच्या फुगलेल्या किमतींचा बबल फुटला, मंदी आली आणि कंपन्यांनी पहिली कुऱ्हाड महिला संघांवर चालवली. निक्को सिक्युरिटीजचा संघ गेला, फुजिताचा गेला. लागोपाठ विजेतेपदं मिळवणारे संघ बंद पडले. २००० च्या सिडनी ऑलिम्पिकला जपान पात्रही ठरला नाही. सावा तेव्हा अमेरिकेला गेली, आधी डेन्व्हर आणि मग अटलांटा. २००३ मध्ये तिकडची व्यावसायिक लीगच बुडाली. म्हणजे पंचविशीतच तिने दोन देशांतला महिला फुटबॉल ढासळताना बघितला होता.

मग २००४ चा एप्रिल. अथेन्स ऑलिम्पिकच्या पात्रतेचा सामना, समोर उत्तर कोरिया, तोक्योचं राष्ट्रीय स्टेडियम, ३१,३२४ प्रेक्षक. सावाचा गुडघा दुखावलेला होता, वेदनाशामक घेऊन ती उतरली. जपान ३-० ने जिंकला. माझ्या ऑफिसातल्या एक बाई त्या दिवशी स्टेडियममध्ये होत्या. त्यांच्याशी सावाबद्दल बोलायला गेलं तर २०११ नंतर येतं, आधी २००४. "त्या दिवशी हरलो असतो तर लीगही राहिली नसती," असं त्या म्हणतात. 'नादेशिको' हे संघाचं नाव त्याच वर्षी लोकांकडून मागवून ठेवलं गेलं. ते एका नाजूक गुलाबी फुलाचं नाव आहे.

आणि इथे सावाची क्लिप जितकी फिरते त्याहून जास्त तिचं एक वाक्य फिरतं. २००८ च्या बीजिंग ऑलिम्पिकमध्ये कांस्यपदकाच्या सामन्याआधी ती सहकाऱ्यांना म्हणाली होती : "अवघड वाटायला लागलं की माझ्या पाठीकडे बघा." तो सामना जपान जर्मनीकडून हरला. पण ते वाक्य राहिलं. परीक्षेच्या दिवसांत मुलं ते एकमेकांना पाठवतात, माझ्या मुलीच्या वर्गाच्या ग्रुपवर मी स्वतः पाहिलंय.

---

मधलीफळी

@निशिकासाई, किती सुंदर लिहिलंत. "पाठीकडे बघा" वाचून अंगावर काटा आला. मी तोच सामना बघताना दोन तास तिची पाठच बघत होते की!

@शेवटचा_बाक दादा, तुमचं म्हणणं मला पटतंय आणि नाहीही. विश्वनाथचा कट तुमच्या वडिलांना आठवतो कारण त्यांनी रेडिओला कान लावून पूर्ण दिवस काढलेले आहेत. त्या कटच्या मागे त्यांच्याकडे एक आख्खं मैदान आहे. भाचीकडे मागचं काहीच नाही.

---

कस्तुरी_नाशिक

दुसरी बाजू मांडते, जरा कडवट आहे.

सावाचं नाव शोधायला टाकून बघा. मी टाकलं. सुचवण्यांमध्ये गोलाआधी काय आलं? वय, नवरा, मूल. हीच बाई जानेवारी २०१२ मध्ये फिफाच्या पुरस्कार सोहळ्याला झ्युरिकला किमोनो नेसून गेली आणि जगातली सर्वोत्तम महिला खेळाडू ठरली. हा मान मिळवणारी ती पहिली आशियाई. पण तिथेही चर्चा कशाची, तर किमोनोची. किमोनो सुंदरच होता, कौतुकही व्हावं. पण त्याच मंचावर जपानचे नोरिओ सासाकी महिला फुटबॉलचे सर्वोत्तम प्रशिक्षक ठरले, त्यांच्या सुटाबद्दल कुणी लिहिलं का?

करिना मारुयामाचं तर मला फारच लागतं. तिचे फोटो नेटवर भरपूर फिरतात, 'सुंदर खेळाडू' वगैरे मथळ्यांखाली. किती जणांना माहीत आहे की २०११ च्या विश्वचषकात उपांत्यपूर्व फेरीत यजमान जर्मनीला तिनेच बाहेर काढलं? १०८वं मिनिट, आणि पास होता सावाचा. त्याहून महत्त्वाचं म्हणजे मारुयामा आधी टेप्को या वीजकंपनीच्या संघात होती आणि फुकुशिमाच्या अणुप्रकल्पात नोकरी करायची. मार्चमध्ये भूकंप आणि त्सुनामी, जुलैमध्ये हा गोल. त्या सामन्याआधी सासाकींनी संघाला त्सुनामीची दृश्यं दाखवली होती. स्वतःच्या जुन्या कामाच्या ठिकाणाचं काय झालंय हे ठाऊक असलेली मुलगी बदली खेळाडू म्हणून उतरते आणि गोल करते. ही गोष्ट सोडून लोक तिचे डोळे बघत बसतात.

निवृत्त पुरुष खेळाडूच्या नावावर त्याचा खेळ राहतो. बाईच्या नावावर तिचं घर येऊन बसतं.

---

निशिकासाई

कस्तुरीताई, अगदी खरं. यातली एक गोष्ट मला आजही खटकते. २०११ च्या ऑगस्टमध्ये जपान सरकारने या संघाला राष्ट्रीय सन्मान पुरस्कार दिला. एखाद्या संघाला तो मिळण्याची ती पहिलीच वेळ. सोबत भेटवस्तू काय, तर हिरोशिमाजवळच्या कुमानो गावचे मेकअपचे ब्रश. कुमानोचे ब्रश म्हणजे पिढ्यान्‌पिढ्यांची कारागिरी, देणाऱ्यांच्या मनात आदरच असणार. तरीही विश्वविजेत्यांना मेकअपचे ब्रश.

---

मांडवी

मी मडगावचा. सावाला मी प्रत्यक्ष कधी बघितलं नाही, पण तिच्यानंतरच्या जपानी मुली बघितल्या. ऑक्टोबर २०२२ मध्ये १७ वर्षांखालील मुलींचा विश्वचषक भारतात झाला, तेव्हा जपानचे गटातले सामने आमच्या फातोर्डा स्टेडियमवर होते. तिन्ही जिंकले आणि एकही गोल खाल्ला नाही. उपांत्यपूर्व फेरीत स्पेनने शेवटच्या काही मिनिटांत दोन गोल करून त्यांना हरवलं.

आमचा गोवा फुटबॉलचा, खेळ कळणारे लोक गॅलरीत बसलेले असतात. माझ्या बाजूला एक म्हातारे गृहस्थ होते, पूर्वी क्लबला खेळलेले. ते पूर्ण वेळ एकच म्हणत होते : "चेंडू जवळ नसताना त्या काय करतात ते बघ." खरंच बघण्यासारखं होतं. एकीचा पास चुकला की दुसरी आधीच तिकडे निघालेली. मधलीफळी यांनी सावाबद्दल जे लिहिलं, "आधीच निघालेली असते", ते वाचून मला त्या संध्याकाळची आठवण झाली. म्हणजे क्लिपमध्ये नसलेली सावा कुठेतरी उतरलीच आहे. जपानी मुलींच्या पायांत.

---

शेवटचा_बाक

मांडवी, हे फार चांगलं सांगितलंत. मी माझं मत थोडं बदलतो. लोकप्रियता क्लिपमध्ये आहे, पण वारसा क्लिपमधून जात नाही. तो मैदानावरच जातो.

पुण्यात २०२२ च्या जानेवारी-फेब्रुवारीत महिला आशियाई चषक झाला. जपान बालेवाडीला खेळला आणि उपांत्य सामना इथेच चीनकडून पेनल्टीवर हरला. मी राहतो बाणेरला. घरापासून स्टेडियम दहा मिनिटांवर. त्या आठवड्यात मला कल्पनाही नव्हती की जपानचा संघ माझ्या शेजारी आहे. कोरोनाचे दिवस होते, खेळाडू बबलमध्ये. आपला संघ तर नवी मुंबईत खेळाडूच बाधित झाल्यामुळे चिनी तैपेईविरुद्ध उतरूच शकला नाही आणि घरच्या स्पर्धेतून बाहेर गेला. त्या मुलींचं किती वाईट वाटलं होतं. त्यांची तर दहा सेकंदांची क्लिपही राहिली नाही.

---

तांबडापांढरा

नमस्कार. कोल्हापूरचा आहे. पेठेतल्या संघातून खेळलो, आता सकाळी मुलींना शिकवतो, अठराजणी आहेत. धागा वाचला आणि रविवारी एक प्रयोग केला, तो सांगतो.

आधी क्लिप दाखवली. झालं, सगळ्या पोरी त्या फ्लिकच्या मागं. अर्धा तास एकच : एकीनं कॉर्नर मारायचा आणि बाकीच्यांनी पायाच्या बाहेरच्या कडेनं लावायचा. चेंडू कधी कंपाउंडबाहेर, कधी स्वतःच्याच नाकावर. एकीचा मात्र बसला बघा! तिला वाटलं चुकून लागला, पण मी बघत होतो, तिनं घोटा आत वळवून कडक धरला होता. बाकीच्या घोटा सैल सोडत होत्या, म्हणून चेंडू वर उडत होता. एवढं एक त्यांना त्या दिवशी कळलं. क्लिपचा फायदा नाही असं मी तरी म्हणणार नाही. अठरा पोरी घामाघूम झाल्या त्या क्लिपमुळंच.

मग सावलीत बसवून जादा वेळेचा अर्धा तास मोबाइलवर लावला. आधी चुळबूळ झाली, मग गप्प झाल्या. संपल्यावर आमच्या बचावात खेळणारी एक पोरगी, रिक्षावाल्याची लेक, कधी तोंड उघडत नाही, ती विचारते : "सर, त्या बाईंचा नंबर दहा आहे, मग त्या एवढ्या मागं का खेळतात?"

मला नेमकं उत्तर देता आलं नाही. इथं कुणाला माहीत असेल तर सांगा, तिला सांगायचंय.

---

मधलीफळी

सर, तुमच्या त्या मुलीला माझा नमस्कार सांगा. तिने नेमकं हेरलं.

सावा बरीच वर्षं पुढेच खेळायची, आक्रमक मिडफिल्डर म्हणून, दहा नंबरला शोभेल अशीच, कारण तो नंबर सहसा पुढे राहून हल्ला रचणाऱ्या खेळाडूचा. २००८ मध्ये सासाकी प्रशिक्षक झाले आणि त्यांनी तिला मागे आणलं, बचावफळीच्या पुढ्यात. तेव्हा ती तिशीच्या उंबरठ्यावर होती, संघातली सगळ्यात मोठं नाव असलेली. अशा खेळाडूला मागे जा म्हणणं सोपं नसतं आणि ऐकणं तर त्याहून नसतं. तिने ऐकलं, नंबर तोच ठेवला, काम बदललं. तिच्या जोडीला मिझुहो साकागुची असायची. आणि मागून खेळूनही २०११ मध्ये सगळ्यात जास्त गोल तिचेच, ते असे की संघ अडला की ती वर यायची. मेक्सिकोविरुद्ध तीन, उपांत्य फेरीत स्वीडनविरुद्ध एक आणि अंतिम सामन्यातला हा.

---

निशिकासाई

त्या मुलीसाठी माझ्याकडून एक भर. या जागेला जपानीत 'बोरांची' म्हणतात. शब्द ब्राझीलमधून आलाय, पोर्तुगीज 'व्होलांते' वरून. व्होलांते म्हणजे गाडीचं स्टिअरिंग. रिक्षावाल्याच्या लेकीला चटकन कळेल.

---

कस्तुरी_नाशिक

तांबडापांढरा सर, तिला सावाचा शेवटचा सामनाही दाखवा, मिळाला तर. २७ डिसेंबर २०१५, एम्प्रेस कप या जपानच्या महिला चषकस्पर्धेचा अंतिम सामना, कावासाकीचं तोदोरोकी मैदान, वीस हजारांहून जास्त लोक. सावाचा संघ आयनॅक कोबे, समोर अल्बिरेक्स निगाता. ७८व्या मिनिटापर्यंत ०-०. मग कॉर्नर आणि सावाचं हेडर. १-०. कारकिर्दीतल्या शेवटच्या सामन्यातला एकमेव गोल, ३७व्या वर्षी. हा फ्रँकफर्टच्या गोलाइतका फिरत नाही. मला तोच जास्त आवडतो.

---

तांबडापांढरा

सगळ्यांचे आभार. आज सकाळी सांगितलं तिला. स्टिअरिंगचं ऐकून हसली. मग म्हणाली, "म्हणजे मी पण दहा नंबर घेऊ शकते?"

आमच्याकडे दहा नंबरची जर्सी एकच आहे आणि ती पुढं खेळणाऱ्या पोरीकडं आहे. संध्याकाळी शिंप्याकडं जाऊन येतो, आणखी एक शिवून मिळते का बघतो.